दुर्बिणीतून गुडघ्याची गादी कापली, पंधरा वर्षांनी काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४८. चार महिन्यांपूर्वी उकिडवं बसून उठताना उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूला चमक भरली, ती पूर्ण गेलेली नाही. एमआरआयमध्ये ‘मिडियल मिनिस्कस फाटलेला’ (म्हणजे गुडघ्यातली, दुसऱ्या पायाकडच्या बाजूची गादी फाटलेली) असं आलं आणि दुर्बिणीतून छोटं ऑपरेशन सुचवलं गेलं. थोरल्या भावाचं हेच ऑपरेशन १६ वर्षांपूर्वी झालं होतं. तेव्हा आठवड्याभरात तो हिंडाफिरायला लागला, पण आता त्याला त्याच गुडघ्याचा सांधा बदलायला सांगितलंय. ऑपरेशनमुळेच त्याचा गुडघा गेला का? आणि मी काय करू?

भावापासून सुरुवात करतो, कारण तुमचं अर्धं उत्तर तिथेच आहे. ‘दुर्बिणीतून’ हा शब्द आत कुठून शिरलो एवढंच सांगतो. आत जाऊन काय केलं ते त्यात येत नाही. बाहेर दोन बारीक छिद्रं, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यार. पण आत गादीचा नखाएवढा तुकडा छाटला, की अर्धीअधिक गादी काढून टाकली, की काहीही न काढता टाके घालून शिवली, यावर पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा हिशोब ठरतो. तिन्ही पेशंटांच्या गुडघ्यावरचे व्रण मात्र हुबेहूब सारखे दिसतात, आणि तिघंही आपापल्या नातेवाइकांना ‘माझं पण तेच ऑपरेशन झालंय’ असंच सांगतात.

मांडीच्या हाडाचं खालचं टोक गोल आणि नडगीचं वरचं टोक जवळपास सपाट. गोल वस्तू सपाटावर ठेवली तर सगळा भार एका ठिपक्यावर येतो. तो पसरवण्यासाठी दोन्ही बाजूंना एकेक चंद्रकोरीच्या आकाराची गादी असते, बाहेरच्या काठाला जाड आणि आत पातळ होत गेलेली. पाय सरळ असताना सांध्यावरचा निम्मा भार या गाद्या घेतात. गुडघा ९० अंशांत वाकवला की हे प्रमाण ८५ टक्क्यांपर्यंत जातं. गादीतले तंतू मुख्यत्वे गोलाकार धावतात आणि तिची दोन्ही टोकं हाडात घट्ट रोवलेली असतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जसं आवळून धरते, तसं हे तंतू भार आला की गादीला बाहेर पसरू देत नाहीत. धाव एका जागी तुटली की चाकाचं काय होतं ते सांगायला नको. म्हणून गादी किती फाटली याइतकंच ती कुठल्या दिशेने आणि कुठल्या जागी फाटली हे महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट रक्तपुरवठ्याची. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या फक्त बाहेरच्या काठाला, रुंदीच्या साधारण १० ते ३० टक्के भागात असतात. आतल्या भागाला रक्त नाही, त्यामुळे तिथली चीर आपण होऊन भरत नाही. या आतल्या भागात मज्जातंतूही जवळजवळ नसतात. त्यामुळे ‘गादी फाटली म्हणून दुखतंय’ हे वाक्य ऐकायला जेवढं सरळ वाटतं तेवढं नाही. दुखणं बहुतेक वेळा काठाकडून, सांध्याच्या आवरणाकडून किंवा गादीखालच्या हाडाकडून येतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही गादी म्हणजे पायातल्या एका स्नायूचा निरुपयोगी अवशेष मानली जायची. निरुपयोगी आणि वर फाटलेली, मग ठेवायची कशाला? गुडघा उघडून अख्खी काढली जायची. १९४८ मध्ये ब्रिटनमधल्या फेअरबँक यांनी अशा गुडघ्यांचे एक्स-रे नीट पाहिले आणि तीन बदल नोंदवले: हाडाच्या काठाला वाढलेली कंगोऱ्यासारखी धार, मांडीच्या हाडाचा चपटा झालेला गोलवा आणि दोन हाडांमधलं कमी झालेलं अंतर. आजही हे बदल त्यांच्याच नावाने ओळखले जातात. स्वीडनमध्ये पुढे अशा लोकांना २१ वर्षांनी परत बोलावून तपासलं, तेव्हा ४८ टक्के गुडघ्यांत ठळक झीज होती. त्याच वयाच्या, ऑपरेशन न झालेल्या लोकांत हे प्रमाण ७ टक्के होतं.

दुर्बीण आली ती या पार्श्वभूमीवर. तोक्योमध्ये ताकागी यांनी १९१८ च्या सुमारास मूत्राशय तपासायची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून गादीचा फक्त फाटलेला भाग कापला. ही खरी प्रगती होती. अख्खी गादी काढण्यापेक्षा थोडी काढणं गुडघ्याला नक्कीच कमी महागात पडतं. घोळ नंतर झाला. ऑपरेशन इतकं सोपं, इतकं झटपट झालं की ते कुणाला करायचं हा प्रश्नच मागे पडला. मीही त्यातलाच. माझ्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मी पन्नाशीतल्या किती जणांच्या गाद्या छाटल्या याची मोजदाद नाही. सहाव्या आठवड्यात पेशंट हसत यायचा, मीही खूश, फाइल बंद.

त्या फायलींमधला एक पेशंट १४ वर्षांनी परत आला. ऑपरेशनच्या वेळी वय ४६, जागा आतली, मागची बाजू, चिरलेली आणि पिंजलेली गादी. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘मागचा निम्मा भाग काढला, कडा समतल केली.’ नवीन एक्स-रेत आतल्या बाजूला हाडाला हाड लागलं होतं. त्याच्या दुसऱ्या गुडघ्याला कुणी कधी हात लावला नव्हता. तिथेही झीज होती, पण बरीच कमी. दोन्ही पाय शेजारी शेजारी बघताना मला माझी ‘समतल कडा’ आठवत होती.

पण एका पेशंटवरून सिद्धांत काढू नये. ‘कापलं म्हणून झिजलं’ असं म्हणणं सोपं आहे, पण चाळिशीनंतर आपोआप फाटणारी गादी ही बऱ्याचदा झिजेचीच पहिली खूण असते. पडद्यावर हा फरक लगेच दिसतो. निरोगी गादी पांढरी, गुळगुळीत, आतली कड सुरीसारखी पातळ. हुकाने दाबली की दबते आणि लगेच जागेवर येते. तरण्या खेळाडूची गादी पाय पिरगळून फाटली असेल तर ताजं कापड टरकन फाटल्यासारखी एक सरळ चीर दिसते. झिजलेली गादी मात्र पिवळसर आणि मऊ असते, जुन्या सुती दोरीचं टोक उसवावं तशी पिंजलेली, आणि सांध्यात सोडलेल्या सलाइनच्या प्रवाहात तिचे धागे संथ हलत राहतात. तिची कड कितीही छाटा, उरतं ते त्याच जातीचं कापड. एमआरआयच्या अहवालात मात्र दोन्हींना एकच शब्द असतो: फाटलेली.

आणि एमआरआयला दुखणं दिसत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे, त्यांना काही तक्रार आहे का हे न बघता, गुडघ्याचे एमआरआय केले गेले. निष्कर्ष २००८ मध्ये आले. पन्नाशीतल्या बायकांत १९ टक्के, तर सत्तरीपुढच्या पुरुषांत ५६ टक्के जणांची गादी खराब किंवा फाटलेली. फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. तेव्हा ४८व्या वर्षी फाटलेली गादी सापडणं आणि तुमच्या दुखण्याचं कारण सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग छाटल्यावर पेशंटला बरं का वाटतं? फिनलंडच्या डॉक्टरांनी हे शोधायला जे केलं ते मला आजही धाडसाचं वाटतं. ३५ ते ६५ वयाचे १४६ पेशंट, आतली गादी झिजून फाटलेली, एक्स-रेत झीज नाही. सगळ्यांना भूल दिली, दुर्बीण घातली, आत बघितलं. मग कुणाची गादी छाटायची आणि कुणाची नाही याची चिठ्ठी असलेला लिफाफा उघडायचा. निम्म्यांची गादी छाटली. उरलेल्या निम्म्यांत सर्जनने नेहमीसारखी हत्यारं मागितली, पाय तसाच हलवला, पातं नसलेलं शेव्हर (गादी छाटायचं यंत्र) बाहेरून वाटीवर टेकवून चालू केलं आणि पेशंटला तेवढाच वेळ टेबलावर ठेवलं. आत काहीही कापलं नाही. वर्षभराने दोन्ही गटांना सारखंच बरं वाटत होतं. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना गुडघा ‘अडखळतोय’ असं वाटत होतं त्यांचा हिशोब वेगळा मांडला, तरी फरक नाही. पाच वर्षांनीही दुखण्यात फरक नाही, मात्र छाटलेल्या गटात एक्स-रेवरची झीज किंचित जास्त.

दुखणं टिपेला पोचलेलं असताना माणूस डॉक्टरकडे येतो, तिथून ते बहुधा उतरणारच असतं. त्यात ऑपरेशननंतरची विश्रांती, मग व्यायाम, आणि कुणीतरी काहीतरी केलं याचा दिलासा. सहाव्या आठवड्यातलं ते हसू खरं होतं. त्याचं श्रेय माझ्या शेव्हरला नव्हतं, एवढंच.

व्यायामाशी थेट तुलनाही झाली आहे. नॉर्वेत १४० पेशंट, बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे, निम्म्यांना ऑपरेशन आणि निम्म्यांना १२ आठवड्यांचा देखरेखीखालचा व्यायाम. दोन वर्षांनी दोघांची गाडी एकाच ठिकाणी, आणि सुरुवातीचे काही महिने मांडीची ताकद व्यायामवाल्यांची जास्त. नेदरलँड्समध्ये ३२१ जणांवर झालेल्या अभ्यासातही दोन वर्षांनी फिजिओथेरपी कमी पडली नाही. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: या अभ्यासांत व्यायामाच्या गटातल्या साधारण पाचातल्या एकाने ते दहातल्या तिघांनी पुढे ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे व्यायाम सगळ्यांना पुरतो असं नाही. पण आधी व्यायाम केल्याने गाडी चुकत नाही.

इथे व्यायाम म्हणजे पलंगावर पाय सरळ उचलून दहा आकडे मोजणं नव्हे. ते पहिल्या आठवड्यापुरतं ठीक आहे. त्यानंतर स्थिर सायकल, पायरीवर एका पायाने चढउतार, हळूहळू वाढवलेलं वजन, एका पायावर तोल, आठवड्यात दोन-तीनदा, १२ आठवडे. करताना थोडी कळ आली तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवशीपेक्षा सुजलेला किंवा जास्त दुखरा असेल तर भार कमी करायचा. ‘व्यायाम करून पाहिला, फरक नाही’ म्हणणाऱ्यांना मी विचारतो, वजन किती किलोपर्यंत गेलात? बहुतेकांनी वजन लावलेलंच नसतं. शरीराचं वजन जास्त असेल तर तेही बघा: एक किलो उतरवलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी कमी होतो. दिवसभरात आपण किती पावलं टाकतो त्याचा गुणाकार करून पाहा.

आता उलट बाजू. हे सगळं वाचून ‘गुडघ्याचं ऑपरेशन कधीच नको’ असं कुणी ठरवलं तर तेही चूकच.

गुडघा खरोखर अडकला असेल, म्हणजे पाय एका कोनात थांबतो आणि सरळच होत नाही, तर आत गादीचा मोठा तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून मध्ये येऊन बसलेला असतो. इथे वाट बघायची नाही. कटकट आवाज येणं किंवा क्षणभर अडखळणं म्हणजे अडकणं नव्हे. आणि असा तुकडा, विशेषतः तरुण माणसात, कापून फेकण्याआधी शिवता येतो का हे बघायलाच हवं. शिवणं पेशंटला आवडत नाही हे मान्य. छाटल्यावर आठवड्यात चालता येतं, शिवल्यावर काही आठवडे कुबड्या, पट्टा, खोल वाकायला बंदी, खेळ चार ते सहा महिने बंद. एवढं करून पाच वर्षांहून जास्त काळ पाहिलेल्या पेशंटांत पाचातल्या एकाचा ते चारातल्या एकाचा टाका टिकत नाही. एसीएल नावाचं लिगामेंट (गुडघ्याच्या मधोमध दोन हाडांना बांधून ठेवणारा अस्थिबंध) त्याच वेळी दुरुस्त केलं असेल तर टाके टिकायची शक्यता वाढते. तरीही तिशीतल्या माणसाला मी शिवण्याचाच आग्रह धरतो. उरलेल्या तिघा-चौघांकडे पुढची तीस-चाळीस वर्षं स्वतःची गादी असते.

बाहेरच्या बाजूच्या गादीबद्दल तर मी जास्तच कंजूष आहे. तिथे नडगीचं टोक सपाटही नसतं, थोडं फुगीरच असतं, त्यामुळे गादी गेली की गोलावर गोल टेकतो. बाहेरची गादी बरीचशी कापलेले काही तरुण खेळाडू वर्षभरात कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) झिजवून परत आलेले मी पाहिले आहेत.

चाळिशीच्या आतल्यांसाठीही घाई नसते, हे डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात दिसलं. १८ ते ४० वयाच्या १२१ जणांत लगेच ऑपरेशन आणि आधी व्यायाम यांत वर्षभराने फारसा फरक नव्हता. व्यायामवाल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा पुढे ऑपरेशनकडे वळला. मात्र गुडघा अडकून बसलेले पेशंट त्यात घेतलेले नव्हते, आणि एक वर्ष म्हणजे गुडघ्याच्या आयुष्यात फार नव्हे.

ऑपरेशनची जोखीम कमी आहे, शून्य नाही. इंग्लंडमधल्या सुमारे ७ लाख ऑपरेशनांच्या नोंदी पाहिल्या तर पहिल्या ९० दिवसांत हजारात तिघांना गंभीर त्रास झाला: सांध्यात जंतुसंसर्ग, फुप्फुसात रक्ताची गुठळी वगैरे. फायदा असेल तर एवढी जोखीम कुणीही घेईल. फायदा नसेल तर हजारातले ते तिघं उगाच भरडले.

आता तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला खटकते आहे. उकिडवं बसून उठताना चमक भरली म्हणता. त्या क्षणी गुडघ्याच्या मागे ‘कट्’ असा आवाज आला होता का? त्यानंतर काही दिवस पाय टेकवणं कठीण झालं होतं का? तसं असेल तर गादी मधे कुठे न फाटता तिचं मागचं मूळच हाडातून सुटलं असण्याची शक्यता आहे. चाकाची धाव तुटते ती इथे. मूळ सुटलं की गादी जागेवर दिसत असूनही काम करत नाही. मृतदेहांच्या गुडघ्यांवर २००८ मध्ये मोजमाप केलं तेव्हा मूळ सुटल्यावर सांध्यावरचा दाब जवळजवळ पूर्ण गादी काढल्याइतकाच वाढला आणि मूळ परत शिवल्यावर खाली आला. असे ५२ पेशंट ऑपरेशनशिवाय ठेवले गेले त्या अमेरिकन नोंदीत सरासरी अडीच वर्षांत ३१ टक्के लोकांचा सांधा बदलावा लागला. म्हणून कूर्चा चांगली असेल, पाय फार धनुष्यासारखा वाकलेला नसेल, तर मूळ परत हाडात ओवून बसवण्याचा विचार लवकर करावा लागतो. ‘पन्नाशीला गादीचं ऑपरेशन नको’ या नियमाला हा मोठा अपवाद आहे, आणि नियम नवीन शिकलेले लोक नेमके इथेच चुकतात.

मूळ शाबूत असेल आणि गुडघा अडकत नसेल, तर तुमच्या जागी मी असतो तर उभं राहून दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे काढला असता (झोपून काढलेल्यात हाडांमधलं अंतर खोटं दिसतं), बारा आठवडे वर सांगितला तसा व्यायाम केला असता आणि मगच परत सर्जनकडे गेलो असतो. तेव्हाही तक्रार राहिली तर त्यांना विचारा की गादी शिवता येण्यासारखी आहे का, आणि छाटणार असाल तर किती. ‘आत गेल्यावर बघू’ हे उत्तर थोडंफार खरं असतं, पण एमआरआय बघून अंदाज सांगता येतो.

भावाबद्दल: ऑपरेशनच्या वेळची नोंद मिळत असेल तर काढून बघा, किती भाग काढला ते तिथे लिहिलेलं असतं. त्यांच्याही दोन्ही गुडघ्यांचा उभा एक्स-रे शेजारी ठेवा. दोन्ही सारखेच झिजले असतील तर दोष बहुतेक त्यांच्या हाडापेराचा आणि वयाचा. एकच गेला असेल तर मूळ दुखापत आणि काढलेली गादी, दोघांचा वाटा आहे. कुणाचा किती, हे आता कुणालाच वेगळं काढता येणार नाही. आणि सांधा बदलायचा निर्णय एक्स-रेवरून घेऊ नका. रात्री झोपमोड होते का, किती चालवतं, हे आधी, एक्स-रे त्यानंतर. मी पाहिलेल्या सगळ्यात वाईट एक्स-रेंपैकी एकाचा मालक अजून रोज सायकल चालवतो.

तुमच्या एमआरआयच्या अहवालात ‘रूट’ (म्हणजे गादीचं मूळ) हा शब्द आहे का, ते आजच बघा. असेल, किंवा तो ‘कट्’ आवाज तुम्हाला आठवत असेल, तर बारा आठवडे थांबू नका, या आठवड्यातच सीडी घेऊन गुडघ्याच्या सर्जनला दाखवा.